स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांचा संस्थात्मक निवास आणि नातेवाइकांची चिंता : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना निवासी संस्थेत ठेवल्यानंतर नातेवाइकांना त्यांच्या सुरक्षिततेची चिंता सतत भेडसावते. या चिंतेकडे बहुधा अपराधभावातून आलेली मानसिक अवस्था म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. ज्या व्यक्तीला स्वतःवर गुदरलेला प्रसंग आठवत नाही आणि सांगताही येत नाही, तिच्या बाबतीत नातेवाइकाची चिंता ही देखरेखीची एक आवश्यक यंत्रणा ठरते. ही चिंता केवळ भावनेच्या पातळीवर न राहता निरीक्षण, नोंद आणि प्रश्न यांत तिचे रूपांतर कसे करता येईल, याचे विवेचन नागपूर शहराच्या संदर्भात येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, संस्थात्मक निवास, वृद्धांची सुरक्षितता, जखडणे, नामनिर्देशित प्रतिनिधी, नागपूर.

१. प्रस्तावना

भारतीय समाजात वृद्धांची काळजी हा परंपरेने कुटुंबाचा विषय मानला गेला. एकत्र कुटुंबात आजोबांना विस्मरण झाले तर 'म्हातारचळ लागला' असे म्हणून घर त्यांना सांभाळून घेत असे. घरात माणसे असत, वाड्याला दार असे आणि मोहल्ल्यातला प्रत्येक जण त्यांना ओळखत असे. आज ही तीनही आधारस्थाने खिळखिळी झाली आहेत. नागपूरसारख्या शहरात मुले शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने पुणे, बंगळूरू, हैदराबाद अथवा परदेशी जातात. मागे राहिलेल्या दोघांपैकी एकाचे निधन होते आणि दुसऱ्याला स्मृतिभ्रंश होतो, अशी परिस्थिती आता अपवादात्मक राहिलेली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. वयोवृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीतील स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात या वयोगटातील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. २०१० च्या भारतीय स्मृतिभ्रंश अहवालातील अंदाज सुमारे ३७ लाखांचा होता. दोन्ही आकड्यांमागील पद्धती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करणे योग्य नव्हे; तथापि प्रश्नाचा विस्तार त्यावरून ध्यानात येतो.

या ८८ लाखांपैकी बहुसंख्य व्यक्ती आजही घरीच राहतात. परंतु ज्यांना निवासी संस्थेत ठेवावे लागते, त्यांच्या नातेवाइकांपुढे एक प्रश्न रोज उभा राहतो : 'आपण तेथे नसताना त्यांचे काय होत असेल?' या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत 'सुरक्षितता' या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे. (२) निवासी संस्थेतील प्रमुख धोक्यांचा नागपूरच्या परिस्थितीत विचार करणे. (३) नातेवाइकाने कोणत्या खुणा ओळखाव्यात हे सांगणे. (४) उपलब्ध कायदेशीर चौकटीचा परामर्श घेणे.

लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. कोणत्याही विशिष्ट संस्थेचे मूल्यमापन करणे हा त्याचा उद्देश नाही.

३. स्मृतिभ्रंश : स्वरूप

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नसून मेंदूच्या अनेक विकारांतून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे नाव आहे. त्यातील सर्वाधिक आढळणारा विकार म्हणजे अल्झायमरचा आजार. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन प्रथम मांडले आणि पुढे त्यांच्याच नावाने हा आजार ओळखला जाऊ लागला. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा स्मृतिभ्रंशही बराच आढळतो.

सर्वसामान्य समजूत अशी की, या आजारात माणूस केवळ 'विसरतो'. प्रत्यक्षात स्मृतीबरोबरच स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, भाषा, भूक-तहान ओळखण्याची व वेदना शब्दांत मांडण्याची क्षमताही क्रमाने क्षीण होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. अर्धांगवायू झालेला रुग्ण अंथरुणाला खिळलेला असला तरी सायंकाळी भेटीला आलेल्या मुलाला 'आज मला दुपारचे औषध दिले नाही' असे सांगू शकतो. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत घटनेचा साक्षीदार आणि घटनेने बाधित झालेली व्यक्ती एकच असते, आणि त्या साक्षीदाराची साक्षच हरवलेली असते.

४. नागपूरमधील संस्थात्मक पार्श्वभूमी

नागपूरला मानसिक आरोग्य संस्थेचा इतिहास जुना आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ ची असून ठाणे, येरवडा व रत्नागिरी यांसह ते राज्यातील चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक आहे. या रुग्णालयाजवळील चौक आजही लोकांच्या तोंडी 'पागलखाना चौक' या नावाने रूढ आहे. ज्या शहरात एका चौकाचे नाव असे पडले, त्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंब आपल्या निवृत्त शिक्षक वडिलांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास का कचरते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परिणामी निदानास विलंब होतो आणि 'वयोमानानुसार चालायचेच' या वाक्यात आजाराची पहिली काही वर्षे निघून जातात.

दुसऱ्या बाजूस वृद्धाश्रम आहेत. १९९० च्या दशकात राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना राबविली. शिवाय धर्मादाय संस्थांचे आश्रमही आहेत. तथापि वृद्धाश्रमाची मूळ कल्पना निराधार परंतु स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्या वृद्धांसाठी होती, आणि अनेक ठिकाणचे प्रवेशाचे नियम आजही त्याच स्वरूपाचे असतात. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती या नियमात बसत नाही. मनोरुग्णालय नको आणि वृद्धाश्रम घेत नाही, अशा पोकळीत गेल्या काही वर्षांत खासगी शुश्रूषा केंद्रे निघाली आहेत. निवासी घर भाड्याने घेऊन दहापंधरा वृद्धांची सोय करणाऱ्या अशा केंद्रांत काही अत्यंत निष्ठेने चालविली जातात. परंतु बाहेरच्या फलकावरून आतील व्यवस्थेचा अंदाज बांधता येत नाही, हीच नातेवाइकांची मुख्य अडचण आहे.

या तुलनेत केरळचे उदाहरण लक्षणीय आहे. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली. पुढे केरळ शासनाने तिच्या सहकार्याने स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र राज्य उपक्रम हाती घेतला आणि केवळ या रुग्णांसाठीची केंद्रे उभी राहिली. स्वतंत्र केंद्रांचा प्रश्न श्रीमंत देशांपुरता मर्यादित नाही, हे यावरून दिसते.

५. सुरक्षितता म्हणजे नेमके काय?

नातेवाईक प्रथम संस्था पाहण्यास जातात तेव्हा त्यांचे लक्ष फाटक, कुंपण, कॅमेरे व कुलूप यांकडे जाते. ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु कुलूप आणि सुरक्षितता यांची बरोबरी केल्याने काय होऊ शकते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथील दुर्घटनेने दाखविले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खासगी मनोरुग्ण निवासास पहाटे आग लागली. रुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले असल्याने त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. हे रुग्ण 'निघून जाऊ नयेत' म्हणूनच बांधलेले होते.

आजच्या संस्थांत साखळदंड नसतील. तरी ओढणीने हात खाटेला बांधणे, खुर्चीपुढे मेज अडकवून उठणे अशक्य करणे, चष्मा अथवा काठी हाताशी न ठेवणे हे त्याचेच सौम्य प्रकार होत. या सर्वांहून न दिसणारा प्रकार म्हणजे औषधाने गुंगवून ठेवणे. अस्वस्थ, ओरडणाऱ्या अथवा रात्री फिरणाऱ्या वृद्धास मनोविकारावरील औषधे दिली की तो शांत होतो. या औषधांमुळे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांतील मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांबाबत दिला व २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. ब्रिटनमध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांच्या २००९ च्या शासकीय अहवालाने असा अंदाज मांडला की, तेथे दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार स्मृतिभ्रंशग्रस्तांना ही औषधे दिली जातात आणि त्यांमुळे वर्षाकाठी सुमारे १,८०० अतिरिक्त मृत्यू होतात.

याचा अर्थ ही औषधे सर्वथा वर्ज्य आहेत असा नव्हे. तीव्र भ्रम अथवा आक्रमकता असल्यास तज्ज्ञ त्यांचा मर्यादित काळासाठी उपयोग करतात. परंतु 'आई आता अगदी शांत असते, काही त्रास देत नाही' हे संस्थेचे वाक्य ऐकून निश्चिंत होण्यापूर्वी ती शांतता कशामुळे आली, हे विचारणे आवश्यक आहे.

ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्यक्तिकेंद्री शुश्रूषेची मांडणी केली. रुग्णाशी खोटे बोलणे, त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्याप्रमाणे बोलणे, त्याला घाई करणे या वरवर किरकोळ वाटणाऱ्या वर्तनानेही त्याचे माणूसपण झिजत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शरीर शाबूत आणि माणूसपण झिजलेले, अशा अवस्थेला सुरक्षितता म्हणता येणार नाही. म्हणून दुखापतीपासून संरक्षण, उपेक्षेपासून संरक्षण आणि संरक्षणाच्या नावाखालील बंधनापासून संरक्षण, असा या संकल्पनेचा त्रिविध अर्थ घ्यावा लागतो.

६. धोक्याची प्रमुख क्षेत्रे

६.१ भटकणे : स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीचे भटकणे बाहेरून निरर्थक वाटते, परंतु त्यामागे बहुधा जुना हेतू असतो. एम्प्रेस मिलमध्ये पाळीवर जाणारा कामगार अथवा अजनीच्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त कर्मचारी पहाटे चारला उठून दाराशी जातो, कारण त्याच्या लेखी कामाची वेळ झालेली असते. तिन्हीसांजेला आजी 'मुले शाळेतून आली असतील, मला घरी सोडा' म्हणून कासावीस होते. दिवेलागणीच्या सुमारास वाढणारी ही अस्वस्थता या आजाराची परिचित खूण आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात स्मृती हरवलेले संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक एका हत्तीच्या मागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या या भूमिकेने मराठी प्रेक्षकाला या प्रश्नाची ओळख करून दिली.

नागपूरपुरता येथे एक विशेष धोका संभवतो. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही लोहमार्ग या शहरात एकत्र येतात. येथून निघालेली व्यक्ती स्थानकावर पोहोचून गाडीत बसली, तर काही तासांत ती परराज्यात असू शकते. त्यामुळे कपड्यांच्या आतील बाजूस नाव व दूरध्वनी क्रमांक शिवणे, क्यूआर संकेत असलेले लॉकेट घालणे आणि अलीकडचे छायाचित्र तयार ठेवणे हे उपाय अगत्याचे ठरतात. व्यक्ती हरवल्यास चोवीस तास थांबून मगच पोलिसांत जावे, हा गैरसमज आहे; तक्रार तत्काळ नोंदविता येते आणि नोंदवावी.

६.२ पडणे : ओले न्हाणीघर, उंबरठा, मंद प्रकाश आणि सैल चपला ही पडण्याची नेहमीची कारणे होत. उन्हाळ्यात कूलरमधून ठिबकणारे पाणी फरशीवर साचते, त्याची यांत भर पडते. या वयात खुब्याचे हाड मोडले तर व्यक्ती पुन्हा पूर्वीसारखी चालू लागेलच याची शाश्वती नसते. रात्रीच्या वेळी किती कर्मचारी जागे असतात, हा प्रश्न म्हणूनच दिवसाच्या कर्मचारीसंख्येपेक्षा महत्त्वाचा आहे.

६.३ उष्णता व निर्जलीकरण : नागपूरच्या उन्हाळ्याविषयी नागपूरकरास काही सांगणे नको. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीला तहान जाणवत नाही, जाणवली तरी मागता येत नाही आणि समोर ठेवलेला गडवा पिण्यासाठी आहे हेही कधी उमगत नाही. मनोविकारावरील काही औषधांमुळे घामही कमी येतो. त्यामुळे 'पाणी ठेवलेले असते' हे उत्तर पुरेसे नाही. ठरावीक वेळी हाताने पाणी, ताक अथवा पन्हे पाजले जाते काय, हे पाहावे. कोरडी जीभ, गडद व अल्प लघवी आणि अकस्मात वाढलेली सुस्ती ही धोक्याची चिन्हे होत. कूलरला स्पर्श होऊन विजेचा धक्का बसू नये, यासाठीची व्यवस्थाही पाहून घ्यावी.

६.४ अन्न व गिळणे : आजाराच्या उत्तरार्धात गिळण्याची क्रिया बिघडते. आडवे असताना घाईने भरविलेला घास अथवा पातळ पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. वरणभात मऊ कालवून, ताठ बसवून, एकेक घास गिळल्याची खात्री करून भरविण्यास वेळ लागतो. एका मावशीकडे किती जणांना भरविण्याचे काम आहे, यावर तो वेळ अवलंबून असतो.

६.५ आर्थिक फसवणूक : निवृत्तिवेतन, अंगठा, धनादेश, मृत्युपत्र यांबाबतचा धोका संस्थेतून जसा येतो तसा कुटुंबातूनही येतो. नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी घेतलेला अंगठा अन्य कोणत्या कागदावर तर उमटत नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे.

६.६ भाषा : नागपूर हे पूर्वी मध्य प्रांताच्या व पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. येथे मराठी व हिंदी दोन्ही सहज बोलल्या जातात. परंतु स्मृती मागे सरकत जाते तशी नंतर शिकलेली भाषा प्रथम गळते आणि बालपणीची बोली टिकून राहते. लहानपण वऱ्हाडात गेलेल्या आजीची बोली छत्तीसगडहून आलेल्या परिचारिकेस उमगली नाही, तर 'पोटात दुखते' हे वाक्य 'उगाच बडबड' ठरते. प्रवेशाच्या वेळीच आजीच्या नित्याच्या पंचवीसेक शब्दांची यादी संस्थेस देणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

७. न सांगितलेले कसे ओळखावे?

नातेवाइकांपुढील सर्वांत अवघड प्रसंग पुढीलप्रमाणे असतो. वडील म्हणतात, 'हे लोक मला जेवायला देत नाहीत,' 'माझे पैसे चोरले,' 'मला मारतात.' संस्थेचे उत्तर असते, 'आजारामुळे तसे बोलतात.' दोन्हीही खरे असू शकते. जेवण झाल्याचे विसरणे आणि वस्तू चोरीस गेल्याचा संशय घेणे ही या आजाराची सर्वपरिचित लक्षणे आहेत. परंतु याच कारणामुळे खऱ्या तक्रारीला लपण्यास यापेक्षा सोयीची जागा नाही. म्हणून विधानाचा खरेखोटेपणा विधानावरून न ठरविता अन्य खुणांशी ताडून पाहावा.

पहिली खूण वजनाची. 'जेवण देत नाहीत' याची शहानिशा वजनकाट्यावर होते. दरमहा एकाच काट्यावर वजन घेऊन नोंदवावे. एका महिन्यात पाच टक्के घट, म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीत अडीच किलो घट, ही दखलपात्र मानली जाते. तिचे कारण दातदुखी अथवा अन्य आजारही असू शकते. पण कारण शोधावेच लागते.

दुसरी खूण त्वचेची. वृद्धांची त्वचा नाजूक असते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किरकोळ आघातानेही काळेनिळे डाग उमटतात. त्यामुळे प्रत्येक डाग म्हणजे मारहाण नव्हे. मात्र दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाभोवतीच्या रेषा आणि निरनिराळ्या वेळी झालेल्या जखमा यांचा खुलासा मागितलाच पाहिजे. पाठ, माकडहाड व टाचा येथील त्वचा लालसर अथवा फाटलेली दिसल्यास कूस नियमितपणे बदलली जात नाही, अशी शंका घ्यावी.

तिसरी खूण वर्तनाची. विशिष्ट कर्मचारी जवळ येताच अंग चोरणे, स्नानाच्या वेळीच आक्रोश करणे यांत काहीएक क्रम आढळतो काय, ते पाहावे. घटना विस्मरणात गेली तरी तिने निर्माण केलेली भीती शिल्लक राहू शकते. बोलता न येणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखण्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये एक सोपी मोजपट्टी मांडण्यात आली. तीत श्वास, कण्हणे, चेहऱ्यावरील भाव, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टी पाहून गुण दिले जातात. या पाच बाबी कोणताही नातेवाईक पाहू शकतो.

चौथी खूण अकस्मात बदलाची. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्याने वाढतो. तो एका दिवसात वाढत नाही. काल ओळखणारी आई आज गुंगीत असेल वा असंबद्ध बडबडत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, निर्जलीकरण, बद्धकोष्ठ अथवा नवे औषध यांपैकी काही कारण असण्याची शक्यता मोठी असते. 'आजार वाढला' असे म्हणून स्वस्थ बसण्याची ही वेळ नसून वैद्यकीय तपासणीची आहे.

८. कायदेशीर चौकट

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने वृद्धाश्रम उभारण्याची व त्यांच्या व्यवस्थापनाची मानके ठरविण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाखालील नियम २०१० मध्ये करण्यात आले. खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी व किमान मानके यांविषयीच्या तरतुदी असलेले सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु ते मंजूर न होता २०२४ मध्ये सभागृहाच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. नातेवाईक ज्या मानकांचा आधार शोधतात ती अशा रीतीने कागदावरच राहिली.

त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार ज्येष्ठ नागरिकास पूर्णतः टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावास अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. येथे 'टाकून देण्याचा हेतू' हे शब्द निर्णायक आहेत. घरी सांभाळणे अशक्य झाल्याने शुश्रूषेची सोय करणारा आणि नित्य भेटीस जाणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. लोकापवाद मात्र हा भेद करीत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार व भावना यांबरोबरच स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडाचाही उल्लेख आहे. त्यामुळे पुढच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंश या व्याख्येत येतो, असे मानण्यास सबळ आधार आहे. या अधिनियमाने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. कलम ९७ नुसार शारीरिक बंधन केवळ तातडीची इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने व आवश्यक तेवढ्याच काळासाठी वापरता येते. त्याची लेखी नोंद ठेवावी लागते व नामनिर्देशित प्रतिनिधीस चोवीस तासांत कळवावे लागते. हा प्रतिनिधी व्यक्तीला स्वतः लेखी नेमता येतो. निदान झाल्यावर, समज शाबूत असतानाच ही नेमणूक करून ठेवणे इष्ट होय.

मालमत्तेच्या बाबतीत मात्र कायद्यात उणीव आहे. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार ते अधिकार संपुष्टात येतात. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य अधिनियमात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती. २०१७ च्या अधिनियमात ती राहिली नाही. त्यामुळे कुटुंबांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

९. अपराधभाव आणि मौन

वरील तरतुदी असूनही नातेवाईक प्रश्न विचारीत नाहीत, याची कारणे सामाजिक आहेत. 'आईला आश्रमात टाकले' या वाक्यातील 'टाकले' हे क्रियापद त्याला आतून पोखरत असते. ज्याने स्वतःलाच दोषी ठरविले आहे, तो दुसऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार गमावून बसल्याप्रमाणे वागतो. त्यात दोन भीतींची भर पडते : तक्रार केली तर त्याचा राग आपल्या माणसावर निघेल, आणि 'घेऊन जा' म्हटले तर न्यायचे कोठे? या तिन्हींच्या संयोगातून मौन जन्मते आणि ज्या व्यक्तीला स्वतः बोलता येत नाही तिचा एकमेव बोलता आवाजही बंद होतो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शुश्रूषा करणाऱ्या मावशी व परिचारक बहुधा अल्प वेतनावर, दीर्घ पाळ्यांत आणि प्रशिक्षणाविना काम करतात. दहाव्यांदा विचारलेल्या त्याच प्रश्नाला शांतपणे उत्तर देणे हे सगळ्यांना आपोआप साधत नाही. ते शिकावे लागते. त्यांच्याकडे संशयाने पाहणारा नातेवाईक आणि नातेवाइकाला टाळणारे कर्मचारी यांच्यात विश्वास निर्माण होत नाही. म्हणून प्रश्न आरोपाच्या सुरात न विचारता नोंदीच्या आधारे विचारणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. 'तुम्ही आईकडे लक्ष देत नाही' या वाक्याला उत्तर नसते. 'गेल्या महिन्यात वजन दोन किलोने घटले, यावर काय करावे?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

१०. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्तीच्या सुरक्षिततेत कुलपापेक्षा मनुष्यबळ, नोंद आणि बाहेरून येणारी नियमित नजर यांना अधिक महत्त्व आहे. संस्थांच्या मानकांविषयीची शासकीय यंत्रणा अपुरी असल्याने आज ही नजर प्रामुख्याने नातेवाइकाचीच आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) प्रवेशापूर्वी संस्था दिवसा एकदा व दिवेलागणीनंतर एकदा, अशी दोन वेळा पाहावी. रात्रीची कर्मचारीसंख्या, आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग व रात्री किल्ली कोणाकडे असते, हे विचारावे.

(२) संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, ते लेखी घ्यावे.

(३) भेटीच्या वेळा बदलत्या ठेवाव्यात. परगावी असल्यास नागपुरातील एखादा आप्त, शेजारी अथवा जुना सहकारी यांना वेळ वाटून द्यावी.

(४) एक वही ठेवावी. तीत दरमहा वजन, पडण्याचे प्रसंग, त्वचेवरील खुणा, औषधांतील बदल व तो कोणी सुचविला हे तारखेसह लिहावे.

(५) गुंगीच्या औषधाबाबत 'का, किती दिवस आणि फेरतपासणी केव्हा' हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत.

(६) व्यक्तीचा जीवनवृत्तान्त एका पानात लिहून संस्थेस द्यावा : व्यवसाय, आवडीचे भजन, न्याहारीची सवय, भीती, बोलीतील शब्द. पहाटे दाराशी जाणारा माणूस मिलमधील कामगार होता हे ठाऊक असलेली मावशी त्याला ओढून आणत नाही. 'आज सुटी आहे, मामा' म्हणते.

(७) गंभीर शंका असल्यास प्रथम संस्थाचालकास लेखी कळवावे. त्यानंतर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी, पोलीस व समाजकल्याण कार्यालय हे मार्ग खुले आहेत. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

(८) शासनाने निवासी शुश्रूषा केंद्रांची सक्तीची नोंदणी, रात्रीच्या मनुष्यबळाचे किमान प्रमाण व परिचारकांचे प्रशिक्षण यांविषयी नियम करावेत. समाजकार्य व परिचर्या महाविद्यालयांनी आपल्या क्षेत्रकार्यात या केंद्रांचा समावेश केल्यास बाहेरून येणाऱ्या नजरांत भर पडेल.

समारोप

चिंता करणाऱ्या नातेवाइकाला 'काळजी करू नका' असे सांगण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत हा सल्ला गैरलागू आहे. काळजी या मराठी शब्दात चिंता आणि जोपासना असे दोन्ही अर्थ आहेत. चिंता करणारा माणूस काळजी करतो आणि जोपासना करणारा काळजी घेतो. संस्थेत ठेवल्यानंतर हाताने करावयाची जोपासना दुसऱ्याकडे जाते, परंतु पाहण्याचे, लिहून ठेवण्याचे आणि विचारण्याचे काम नातेवाइकाकडेच राहते. ते काम जो नेटाने करतो, त्याने आपल्या माणसाला टाकलेले नसते.